मुलींच्या मुतारीची चावी

आमच्या शाळेची स्मरणिका निघणार आहे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी प्रश्न टाकला : ‘शाळेत असताना तुमचा सर्वात मोठा संघर्ष कोणता?’ दिवसभर उत्तरं येत राहिली. सगळी पुरुषांची. कुणी गणिताच्या सरांची छडी सांगितली, कुणी पावसाळ्यात चपला हातात घेऊन चिखलातून चालणं सांगितलं, कुणी परीक्षेच्या तोंडावर जाणारी वीज. एकाने लिहिलं, ‘त्या छडीनेच आम्हाला घडवलं,’ आणि खाली हात जोडले. मार खाल्ल्याचा अभिमान बाळगणारी माणसं मला कधीच समजली नाहीत. दुसऱ्याने मारलं आणि आपण खाल्लं, यात आपलं कर्तृत्व काय?

कुठलंही काम हातात घेण्याआधी यादी करायची मला सवय आहे. मीही संघर्षांची यादी करायला घेतली. पहिल्या क्रमांकावर जे आलं, त्यानंतर दुसरा क्रमांक लिहायची गरजच पडली नाही. मी ग्रुपवर एकच शब्द टाकला : ‘लघवी.’ दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, कुणीतरी सुप्रभातचं फूल पाठवलं.

स्मरणिकेत हे छापणार नाहीत. म्हणून इथे लिहिते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही गिरगावातल्या चाळीतून नेरूळला राहायला आलो. लोक सांगतात की नव्या शहराला मोकळी हवा होती, रुंद रस्ते होते. आमची आई यातल्या कशासाठीही आली नव्हती. ती घरातल्या घरात असलेल्या संडासासाठी आली होती. चाळीत मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून होता, आणि सकाळी हातात डबा घेऊन, शेजारच्या काकांना ‘नाही, तुम्ही व्हा पुढे’ म्हणत उभं राहावं लागे. नव्या घरी कुणी पाहुणा आला की आई आधी स्वयंपाकघर दाखवत नसे. आधी तो दरवाजा उघडायची, साखळी ओढायची, पाणी धो धो वाहायचं, आणि पाहुणा मान डोलवायचा.

शाळा आमच्या बिल्डिंगच्या समोर, रस्ता ओलांडला की. दोन मजली, नवी कोरी. तिला व्यासपीठ होतं, झेंड्याचा कट्टा होता, प्रयोगशाळेत एक सांगाडा होता. आणि मैदानाच्या पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगत, मुलींची मुतारी होती. पांढऱ्या टाइल्स लावलेली, आरसा असलेली. तिला कुलूप होतं.

मुलांची अशी काही सोय नव्हती, पण त्यांना ती लागतही नव्हती. कुंपणापलीकडे मोकळं रान होतं, पुढे खाडीची झाडी. मधली सुट्टी झाली की मुलं भिंतीवरून उड्या मारून जात आणि पँटची बटणं लावत परत येत. आज छडीच्या आठवणी काढणारे हेच.

मुतारीला कुलूप का? मुख्याध्यापक प्रार्थनेनंतर सांगायचे, ‘घाण होते म्हणून.’ ते देशावरचे, धोतर सोडून नुकतेच पँटीत आलेले, आवाज भारदस्त. शाळेला भेट द्यायला कुणी आलं की ते स्वतः त्यांना मैदान ओलांडून तिथे घेऊन जात, कुलूप उघडत आणि म्हणत, ‘पाहा. आरशासारखं ठेवलंय.’ खरंच तसं होतं. जी वस्तू कुणी वापरतच नाही ती स्वच्छ ठेवायला काय लागतं?

वापरायची झालीच तर तिची रीत अशी. आधी वर्गात हात वर करायचा. बाई असतील तर नजरेने समजायचं, पण सर असतील तर ते हमखास विचारायचे, ‘कशाला?’ आणि मागचे बाक हसायचे. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचं. तिथे भिंतीवर खिळ्याला चावी. ती चिमुकली होती आणि हरवू नये म्हणून एका मोडक्या बाकाच्या फळीला सुतळीने बांधलेली होती. फळी हातभर लांब, तिच्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं ‘मुली’. ही फळी घेऊन अख्खं मैदान ओलांडायचं. मैदानात कुठल्या ना कुठल्या वर्गाची कवायत चाललेली असायचीच.

“फळी निघाली रे, फळी!”

जाताना एकदा आणि येताना एकदा. येताना जास्त, कारण आता फळी कुठून येतेय ते त्यांना ठाऊक असायचं.

तेव्हा आम्ही काय करायचो? पाणी प्यायचो नाही. सकाळचा चहा बंद. डब्यात लोणचं नको, तहान लागते. भर उन्हाळ्यात पीटीच्या तासानंतर मुलं नळाला तोंड लावून घटाघटा प्यायची आणि मुली ओठ चाटत बाजूला उभ्या. अर्ध्या वर्गाला जळजळ, कुणाला ताप. वसाहतीतले डॉक्टर प्रत्येकीला तेच सांगत, ‘भरपूर पाणी पीत जा बाळ.’ त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. पुस्तकात तसं लिहिलेलं असणार. पण पाणी प्यायल्यावर पुढे काय, हा भाग त्यांच्या पुस्तकात नसावा.

माझ्या बाकावर माझ्या शेजारी सारसोळ्याची एक मुलगी बसायची. कोळ्यांची. गावाच्या आसपासची जमीन नव्या शहरात गेलेली, वडील होडी अजून धरून होते आणि जोडीला बांधकामावर रेती-विटा पुरवायला लागले होते. तिच्या घरात नववीपर्यंत पोचलेली ती पहिली. विज्ञानात आम्हा सगळ्यांच्या पुढे. सांगाड्याच्या हाडांची नावं तिला तोंडपाठ होती, आणि सर पाठ फिरवून फळ्यावर लिहू लागले की ती सांगाड्याचा हात धरून सरांना टाटा करायची. बोलायला फटकळ. वसाहतीतल्या मुली तिच्या बोलण्याला हसत, आणि ती त्यांच्या हसण्याला.

आम्हा सगळ्यांना जे महिन्यातले चार दिवस असत, ते तिलाही होते. आम्ही त्या दिवसांत घरी राहायचो, आजारी म्हणून. तिला ते चालणार नव्हतं. तिच्या घरी आधीच कुजबुज होती की मोठी झाली पोर, आता बास. एक दिवस घरी राहिली असती तर दुसऱ्या दिवशी तिला कुणी पाठवलं नसतं. म्हणून ती शाळेत यायची आणि मधल्या सुट्टीत पळत गावात जायची, कपड्याची घडी बदलायला. गाव फार लांब नव्हतं, पण ती परत येईपर्यंत शाळेचं फाटक बंद झालेलं असायचं. सुट्टी संपल्याची घंटा झाली की शिपाई फाटकाला कुलूप घालायचा. आमच्या शाळेत कुलपं भरपूर होती.

मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. मी वह्या ठेवायला खोलीत गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

“तुमची मुलगी मधल्या सुट्टीत पळून जाते. कुठे जाते, कुणाबरोबर जाते, ते तुम्ही बघा. आम्ही शाळा चालवतो, चौकी नाही.”

वडील दारात उभे होते, आत या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती खाली बघत राहिली. काय सांगणार? बापाला सांगायची गोष्ट नव्हती ती, आणि मुख्याध्यापकांसमोर तर नाहीच.

“परत पळाली तर दाखला हातात देईन,” मुख्याध्यापक म्हणाले.

“परत बोलावनं आलं, तर मीच नेईन तिला,” वडील म्हणाले.

दोघांचं एकमत झालं. मुलीच्या बाबतीत पुरुषांचं एकमत किती चटकन होतं, याचं मला तेव्हापासून नवल वाटत आलं आहे.

मी ठरवलं की यावर काहीतरी व्यवस्था लावायची. आमचं घर समोर होतं, घरी आई होती आणि साखळीवाला संडास होता. मी आईला सांगितलं की मैत्रिणी मधल्या सुट्टीत येतील, दोघी-दोघी. पाळ्याही लावून दिल्या. आई खूश. पाहुणे आल्यासारखी ती दरवाजा उघडून उभी राहायची, साखळी कशी ओढायची ते शिकवायची. वर एकेक लाडूही द्यायची.

मग सारसोळ्याची आली. आईने दरवाजा उघडला, लाडू दिला, सगळं नीट केलं. ती गेल्यावर बादली घेतली, फिनेल घेतलं आणि संडास घासून काढला. मी दारात उभी.

“बाकीच्या येतात तेव्हा नाही घासत तू.”

“तिच्या घरी कशी पद्धत असते कुणाला ठाऊक,” आई म्हणाली. “आणि वास येतो गं. तुला नाही येत?”

ज्या बाईने आयुष्याची पंचवीस वर्षं अख्ख्या मजल्याच्या संडासात काढली, तिला आता वास येत होता. घरात साखळी ओढली की माणूस एका दिवसात वरच्या जातीचा होतो. हे मी तेव्हा बोलले नाही, आज लिहिते.

तरी ते चाललं असतं. पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसऱ्या मजल्यावरून बघितलं. ते बँकेत होते आणि त्यांच्या घरात एक वीणा होती, जी कुणी वाजवत नसे. ते संध्याकाळी वर आले, चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, “टेन्शन देत नाही साहेब, पण लोक बोलतात. आज एक येईल, उद्या सगळा सारसोळे जिन्यात. वसाहतीचं वातावरण बिघडतं.” ज्यांच्या शेतात ही वसाहत उभी होती, त्यांच्यामुळे तिचं वातावरण बिघडत होतं. बाबांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवसापासून आमचा दरवाजा मैत्रिणींसाठी बंद झाला. सगळ्याच मैत्रिणींसाठी, म्हणजे कुणावर अन्याय झाल्यासारखं दिसायला नको. आम्ही सुशिक्षित होतो.

मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे गो. तुझ्या आईचा लाडू बी कडक हुता.”

आणि मग शाळेची तपासणी जाहीर झाली.

शाळेच्या तपासणीआधीचे दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून पटणार नाही. वर्षभर न फिरलेला झाडू फिरला. सांगाड्याला धुऊन उन्हात ठेवलं. वर्गावर्गांत सुविचार टांगले. व्यासपीठासमोरच्या फुलझाडांभोवती विटा तिरक्या रोवून त्यांना गेरू आणि चुना लावला. ठाण्याहून येणाऱ्या अधिकारी बाई आहेत असं कळल्यावर मुख्याध्यापकांना मुतारी सुचली. तिथे डांबराच्या गोळ्या आल्या, नवा साबण आला, गुलाबी टॉवेल आला. दारापुढे रांगोळी आली. मुतारीपुढे रांगोळी मी आयुष्यात त्यानंतर कुठे पाहिली नाही. आणि आदल्या दिवसापासून हुकूम सुटला, की तपासणी होईपर्यंत कुणीही चावी मागायची नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी माझी शेजारीण बाकावर बसली आणि माझ्याकडे बघून नुसती म्हणाली, “आजच.”

मी समजले. गावात जायचं तर फाटक. फाटक तर दाखला. घरी राहायचं म्हटलं तर ती कुजबुज. मी तिला म्हटलं, सुट्टीत जाऊन चावी माग, मी येते बरोबर. आम्ही गेलो. मुख्याध्यापक नवा कोट घालून खोलीत उभे होते, घामाने थबथबलेले.

“सर, चावी,” ती म्हणाली.

“आज नाही.”

“सर, अडचन हाय.”

“अडचण म्हणजे? एक दिवस धीर धरता येत नाही? संस्कार म्हणून काही आहे की नाही?”

मी भिंतीकडे बघितलं. खिळा रिकामा होता. फळी कोपऱ्यात उभी होती, पण तिच्या सुतळीला चावी नव्हती. मुख्याध्यापकांनी ती सकाळीच सोडवून घेतली होती. बाईंसमोर मोडकी फळी घेऊन कसं जायचं? म्हणून चावी सुटी केली होती, शोभेसाठी.

बाई आल्या त्या जीपमधून, उन्हातून, तासाभराच्या रस्त्यावरून. उतरल्यावर औक्षण, गुच्छ, स्वागतगीत. स्वागतगीताला तीन कडवी होती आणि आम्ही तिन्ही म्हटली. मग भाषण. मग चहा. मग वर्ग. आमच्या वर्गात बाई आल्या तेव्हा त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. त्या खिडकीच्या बाजूला उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. आम्ही मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. ते उभं राहणं आम्ही सगळ्या ओळखत होतो. एकट्या मुख्याध्यापकांना ते कळलं नाही. ते सांगाड्याविषयी बोलत होते.

शेवटी बाईंनी हळूच काहीतरी विचारलं. मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, बाईंना बघायचंय.

“अवश्य! चला. आरशासारखं ठेवलंय.”

आमचा वर्ग तळमजल्यावर, खिडकीतून मैदान दिसायचं. वर्गात कुणी शिक्षक उरलं नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर आलो. मुख्याध्यापक पुढे, बाई मागे भरभर चालत, त्यामागे कारकून, शिपाई, दोन शिक्षक. सगळे रांगोळीपाशी थांबले. मुख्याध्यापकांनी कोटाच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पँटीच्या. मग त्यांनी शिपायाकडे बघितलं, शिपायाने कारकुनाकडे बघितलं, आणि कारकुनाने, दुसरं कुणी उरलं नसल्यामुळे, रांगोळीकडे.

“तुमच्याकडेच दिली होती सर.”

“मी परत तुझ्याकडे दिली ना रे, बावळटा!”

एक जण खोलीकडे पळाला, एक व्यासपीठाकडे. बाई उभ्या. चेहऱ्यावर रुमाल. चावी त्या दिवशी संध्याकाळी सापडली, औक्षणाच्या तबकात, अक्षतांखाली. पण त्या वेळी ती नव्हती. हरवू नये म्हणून ज्या फळीला बांधलेली होती, तिच्यापासून तिला सोडवल्यावर ती हरवली. या एका वाक्यात आमची शाळा आली.

माझी शेजारीण माझ्या बाजूला होती. आता नाही. मी पाहिलं तर ती फुलझाडांपाशी वाकली होती. गेरू लावलेली एक वीट तिने उपटली, दोन्ही हातांत धरली आणि मैदान ओलांडून सरळ चालत गेली. कुणी ओरडलं नाही. ती रांगोळीवरूनच गेली. तिने वीट कुलपावर घातली. कुलूप तसंच. दुसऱ्यांदा घातली. कुलूप तुटलं नाही, पण कोयंडा चौकटीतून उखडून आला. आमच्या बांधकामाचा दर्जा.

तिने दार ढकललं आणि बाजूला झाली.

“मॅडम, तुमी जावा पयल्या. मंग मी. मना बी हाय.”

बाई गेल्या. एक क्षणही थांबल्या नाहीत. त्या बाहेर आल्यावर ती गेली. मग आमच्या वर्गातल्या मुली एकामागून एक मैदान ओलांडायला लागल्या, मग आठवीतल्या. मुख्याध्यापक मध्ये उभे राहून ‘वर्गात! वर्गात!’ म्हणत होते आणि मुली त्यांना वळसा घालून जात होत्या. बाई गुलाबी टॉवेलाला हात पुसत होत्या. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्या बाई होत्या, शिकलेल्या होत्या, सरकारी होत्या, आणि त्यांना आत्ताच कळलं होतं. त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, “छान ठेवलंय.” आणि जीपकडे चालू लागल्या. नंतर कळलं की शेरेपुस्तकात त्यांनी लिहिलं होतं : स्वच्छतागृह समाधानकारक. समाधान कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते आले, आणि या वेळी न विचारता आत आले. मुख्याध्यापकांनी शाळेच्या मालमत्तेचं नुकसान, शिस्त, पाहुण्यांसमोर झालेली शोभा असं सगळं सांगितलं. वडील ऐकून घेऊन म्हणाले, “कुलूप मी नवीन आनून देतो. पोर घेऊन जातो. तुमची शाला तुमाला.” आदल्या दिवशी घरी तिच्या आईने त्यांना सगळं सांगितलं होतं, पोर दुपारी कुठे पळायची आणि का. वडिलांनी मुलीची बाजू घेतली, आणि बाजू घेऊन तिला शाळेतून काढली. मुख्याध्यापकांचा मान राहिला, वडिलांचा मान राहिला. गावात म्हणे लोकांनी वडिलांना शाबासकी दिली. ज्या मुलीला शिकायचं होतं तिला, तुझं काय म्हणणं आहे, हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ती सूड उगवायला बसली नाही. घरी मासळी वाळत घालायला लागली. मी एकदा गेले तर म्हणाली, “विज्ञानात आता काय चालू हाय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “वही दे.” मी वही दिली.

मुख्याध्यापकांना जाग आली ती वेगळ्याच कारणाने. तपासणीत पट मोजला गेला होता. नववीच्या आमच्या तुकडीत मुलं कशीबशी पुरेशी होती. एक जरी कमी झालं तर तुकडी तुटणार, आणि तुकडी तुटली की एका शिक्षकाची जागा जाणार. ती जागा मुख्याध्यापकांच्या मेव्हण्याची होती. कारकुनाने हे त्यांच्या ध्यानात आणून दिलं. दाखला अजून टेबलावरच होता, सही व्हायची होती. मुख्याध्यापकांनी तो खणात ठेवला आणि मला बोलावलं.

“तुला तिचं घर माहीत आहे ना? चल, दाखव. मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे.”

भवितव्य हा शब्द उच्चारायला त्यांना त्रास झाला नाही.

आम्ही सारसोळ्यात गेलो. मुख्याध्यापक चिखल चुकवत, नाकाला रुमाल लावून. तिच्या घरापुढच्या ओट्यावर वडील जाळं विणत बसले होते. त्यांनी मुख्याध्यापकांना खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. मुख्याध्यापक स्त्रीशिक्षणावर बरंच बोलले. वडील विणत राहिले.

“मास्तर,” ते शेवटी म्हणाले, “तुमी मना सांगितलं, पोर कुनाबरोबर जाते ते बघा. मी महिनाभर तिच्या तोंडाकडं बघितलं नाय. ती कशाला पळत हुती, हे तुमी तिला इचारलं हुतं?”

“अहो, तो बायकांचा विषय...”

“मंग बायकांचाच राहू द्या. तुमी कशाला चावी धरून बसता?”

दाराच्या आतून तिचा आवाज आला, “चावी माझ्याकडं पायजे. तर मी येते.”

वडिलांनी आत बघितलं. मग मुख्याध्यापकांकडे. बाजारात कोळीण भाव सांगते आणि गिऱ्हाईक उठू पाहतं, तेव्हा तिच्या घरधन्याच्या तोंडावर जे लपवलेलं कौतुक असतं ते वडिलांच्या तोंडावर होतं. “ऐकलंत? आता घासाघीस तिच्याशी करा. मना नाय जमत तिच्याशी.”

“असं कसं? शाळेची शिस्त...”

“तर नाय येत,” आतून.

मुख्याध्यापकांनी घाम पुसला. त्यांच्या डोळ्यांसमोर मेव्हणा असणार. “बरं. पण स्वच्छता राहिली पाहिजे.”

“आनि फळी नको,” आतून.

ती परत आली. चावी तिने कंपासपेटीत ठेवली आणि कुलूप कधी लावलंच नाही. आठवड्याभरात ती आरशासारखी मुतारी घाण झाली. पाण्याची टाकी कुणी भरायची ते ठरलेलं नव्हतं, झाडूवाली आठवड्यातून एकदा. मुख्याध्यापकांना केवढा आनंद झाला! प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेला सांगितलं, “पाहिलंत? मी म्हणत नव्हतो?”

ती रांगेतूनच म्हणाली, “सर, वापरलं का घान हुतंच. तुमच्या घरचं नाय हुत?”

शाळा हसली. तिला दोन तास उभं केलं. मी टाकी भरायच्या पाळ्या लावल्या, वर्गवार, मुलांसकट. मुलांनी कुरकुर केली, त्यांचा काय संबंध म्हणे. पाळ्या निम्म्याच पाळल्या गेल्या. वास यायचा, आरसाही कुणीतरी फोडला. पण दार उघडं होतं, आणि हातात काहीही न घेता मैदान ओलांडता यायचं. स्वच्छ आणि बंद यापेक्षा घाण आणि उघडं कधीही बरं, हे ज्यांना समजत नाही त्यांना कधी घाई लागलेली नसते.

ती दहावीपर्यंत आली. त्यानंतर पुढे शिकली, पण ती गोष्ट तिची, मी सांगणार नाही.

दहावीच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. आम्ही साड्या नेसून पुढच्या रांगेत. त्यांनी शाळेची प्रगती सांगितली, निकाल सांगितला, आणि मग आवाज खाली आणला. “मुलींच्या शिक्षणासाठी मी काय केलं, ते मी सांगू नये. पण आज सांगतो. एका गरीब मुलीचं शिक्षण सुटलं होतं. मी स्वतः खाडीचा चिखल तुडवत तिच्या झोपडीत गेलो. तिच्या अडाणी वडिलांचं मन वळवलं. ती मुलगी आज इथे समोर बसली आहे.”

टाळ्या. मागे पालक बसले होते, तेही टाळ्या वाजवत होते. आमची आईसुद्धा. सेक्रेटरी तर उभे राहून.

ती माझ्या कानाशी आली. “झोपडी? पक्कं घर हाय आमचं, माडीचं. आनि जाताना बाबांनी सुके बोंबील दिलं, ते पिशवीत घालून नेलं, त्ये नाय सांगितलं म्हाताऱ्याने.”

मुख्याध्यापक पुढे बोलत होते. आता ते फुले आणि आगरकरांकडे वळले होते. ती उठली, साडीच्या निऱ्या एका हाताने सावरल्या आणि व्यासपीठासमोरून, सगळ्यांच्या देखत, मैदानाच्या टोकाला मुतारीकडे निघाली. मुख्याध्यापक बोलायचे थांबले.

“कुठे चाललीस?”

मागे न बघता तिने दुसरा, रिकामा हात वर केला, वर्गात परवानगी मागताना करायचो तसा, आणि चालत राहिली.